परक्या राष्ट्राध्यक्षांचं गाऱ्हाणं

जनमत घडवणं हा आपल्या डाव्या हातचा मळ आहे. रत्नागिरीत माझं बातम्यांचं यूट्यूब चॅनेल आहे आणि ते बघणाऱ्यांत माझ्या बायकोखेरीजही माणसं आहेत. त्यामुळे एका परक्या देशाच्या ‘मैत्री केंद्रा’नं मलाच हेरलं, याचं मला काडीचं नवल वाटलं नाही. त्यांच्या राष्ट्राध्यक्षांची कोकणी जनतेनं उत्स्फूर्त स्तुती करायची, मी ती दाखवायची, आणि यामागे त्यांचं सरकार आहे हे गुप्त ठेवायचं. बदल्यात आठवडाभराचा परदेश दौरा! मी तडक स्वेटर घेतला. रत्नागिरीत स्वेटर घेणारा माणूस लपत नाही, त्यामुळे गुप्त कामगिरी संध्याकाळपर्यंत आळीभर झाली.

“लोक तुमचं का ऐकतील?” बायको, मनस्वी, म्हणाली. “मी तरी ऐकते का?”

पण माझ्याकडे युक्ती होती. भाट्याच्या पुढं आमचं गाव. तिथं देवळात केरूतात्या गाऱ्हाणं घालतात आणि ते देवाला जे सांगतील त्याला सारा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. मी केंद्रानं लिहून पाठवलेली स्तुती तात्यांना वाचून दाखवली.

“त्या राजाला आमी वळखत नाय,” तात्या म्हणाले. “पन देवाला सांगायचां ना? सांगतो की.”

मी कॅमेरा लावला. तात्यांनी डोळे मिटले.

“बा म्हाराजा, ह्या लांबच्या राजानं रस्ते केलान, बंदरां बांधलान...”

“व्हय म्हाराजा!”

माझ्या अंगावर काटा आला. पण स्तुती संपली तरी तात्या थांबेनात. देवापाशी मागणं मागितल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं कसं होणार?

“आनि ह्या राजानं खोटां बोलून कुनाला फसवलान आसंल, गरिबाच्या तोंडचा घास काढलान आसंल, तर त्येला बुद्धी दे, नायतर खुर्चीवरनं खाली उतरव रं म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. लहानपणापासूनची सवय.

म्हटलं, असू दे, तिकडं मराठी कोणाला कळतंय? केंद्रवाल्यांना तर तो शेवटचा गजर फारच आवडला. त्यांच्या सरकारी वाहिनीनं तो बातम्यांत दाखवला: ‘भारतीय जनतेचा उत्स्फूर्त पाठिंबा’.

नेमका आमच्या गावचा गौरव तिथल्या बंदरात, जहाजावर कामाला. त्यानं खानावळीत हसत हसत सगळ्यांना अर्थ सांगितला. त्याच आठवड्यात तिथल्या विरोधकांच्या मोर्चात घोषणा घुमू लागली: ‘व्हय म्हाराजा!’

केंद्राचा ईमेल आला. दौरा रद्द, वर जन्मभर प्रवेशबंदी. आरोप असा की, मी त्यांच्या देशाच्या जनमतात ढवळाढवळ करणारा प्रभावशाली परकीय पत्रकार आहे.

मनस्वीनं मोबाइल हातात घेऊन ते पुन्हा वाचलं. “प्रभावशाली? तुम्ही?”

अख्ख्या जगात एकाच सरकारनं मला पत्रकार मानलं, आणि नेमकं तिथंच मला जाता येत नाही.