रुसायचा मान

"जॉन वेनचं नाव नाही, घोडा नाही, बंदूक नाही," गाडीत बसण्याआधी कुंदाताईंनी नवऱ्याला शेवटचं बजावलं. "वरूडहून परत येईपर्यंत काउबॉय हा शब्द तोंडातून निघता कामा नये. अबोलीची शपथ आहे तुम्हाला."

"अगं, पण त्यांनीच विषय काढला तर?"

"संत्र्याची बाग आहे त्यांची. ते कशाला काढतील?"

अ‍ॅडव्होकेट उद्धवरावांनी गाडीचं दार उघडलं. बायकोचा मुद्दा बिनतोड होता आणि त्यांचा मागचा गुन्हाही शाबित झालेला होता. थोरल्या गौरांगसाठी मुलगी पाहायला अकोल्याला गेले असताना त्यांनी मुलीच्या वडिलांना जॉन वेनची चाल करून दाखवली होती. त्यांना नीट कळली नाही असं वाटून पुन्हा दाखवली, आणि निघताना गॅरी कूपरही उरकून घेतला. "विचार करून कळवतो," असं ती मंडळी म्हणाली होती. अजून त्यांचा विचार चाललाय.

तसा माणूस अगदी सरळ. कॉलेजात असताना अमरावतीच्या टॉकीजमध्ये सकाळच्या खेळाला इंग्रजी पिक्चर लागायचे, तिथे वेस्टर्नचं, म्हणजे काउबॉयच्या पिक्चरांचं, खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच. धुळीनं भरलेलं गाव, घोड्यावरून एकटाच येणारा माणूस, चार शब्दांत गावाचा न्याय करणारा आणि कोणाच्या घरचा चहाही न घेता निघून जाणारा! तारखेवर तारीख न पडता एका दुपारीच निकाल लागतो, याचं तर वकील माणसाला भारीच अप्रूप. घरात पिक्चर लावला की ते शेवटी डोळेही पुसायचे, आणि चष्म्यावर धूळ बसली म्हणायचे.

पण आज प्रश्न लेकीचा, अबोलीचा होता. अबोली आणि शिवम अकोल्याला कृषीचं शिकताना भेटले. जात वेगळी, रीत वेगळी. दोन्ही घरांनी कसंबसं 'हो' म्हटलं होतं, तेही अजून कच्चंच. आज मुलीकडच्यांनी घर पाहायचं आणि सगळं मनासारखं झालं, तर साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची, असं ठरलेलं. एवढ्या नाजूक कामात उद्धवरावांचं तोंड बंद ठेवणं हाच शहाणपणा, असं कुंदाताईंना वाटलं. वाटणारच हो, कोणालाही वाटलं असतं!

अबोलीला घेऊन मंडळी वरूडला पोचली, तेव्हा शिवमचे वडील सूर्यभानजी फाटकापर्यंत सामोरे आले. मोठं अंगण, कडेला गोठा, गोठ्यात गाई, पलीकडे संत्र्याची झाडं. उद्धवरावांची पंचाईत इथूनच सुरू झाली. गाई पाहिल्या की जीभ शिवशिवे. धूळ पाहिली की शिवशिवे. एक शब्द बोललो तर पुढचा काउबॉयच निघेल, या भीतीनं त्यांनी तोंड घट्ट मिटलं आणि सवयीनं अंगठे पट्ट्यात खोचून, डोळे बारीक करून उभे राहिले. डोळ्यांवर कुंदाताईंनी बंदी घातली नव्हती.

"मंग वकीलसाहेब, बाग कशी वाटली?"

"हं."

"यंदा बहार बरा हाय. मांगच्या साली फळाची गळ लय झाली."

"हं."

"घर जुनंच हाय, पन पोरासाठी वरती दोन खोल्या नव्या काढल्या."

उद्धवरावांनी डोळे आणखी बारीक करून वर पाहिलं. "हं."

सूर्यभानजी सरळ स्वयंपाकघरात शिरले. "कौसल्या, व्याही नाराज हाय."

"काहून? काय झालं?"

"बोलूनच नाई राह्यले ना व! घराकडं असे पाहून राह्यले, जशी जप्तीच कराले आले."

मग सुरू झाली मनधरणी. शेला-टोपी झाली, नारळ झाला, पुन्हा चहा झाला. खुर्ची उचलून कुलरसमोर नेली. प्रत्येक मानाला उत्तर एकच, "हं." शेवटी कौसल्याबाईंनी कुंदाताईंना बाजूला घेतलं.

"ताई, आमचं काई चुकलं का?"

"नाही हो! त्यांचं बोलणंच मुळात कमी."

"पन आमचा शिवम तर सांगे, अबोलीचे बाबा एकदा बोलाले लागले का थांबतच नाई!"

आता बोला! कुंदाताईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि पाणी मागितलं.

ही कुजबुज नत्थुजींच्या कानावर गेली. नत्थुजी म्हणजे सूर्यभानजींच्या थोरल्या बहिणीचे यजमान, घरचे मोठे जावई. ते ताडकन उठले.

"रुसला? पोरीचा बाप रुसला?"

"हळू बोला ना जी, जवाईबुवा," सूर्यभानजी म्हणाले.

"काहून हळू बोलू? रुसाचा मान पोराकडच्यायचा! माह्या लग्नात शेवयात साखर कमी पडली, तं मी मांडवाकडं पाठ करून बसलो होतो. तवापासून या घरातल्या हरेक कार्यात मीच रुसतो. आता हाही मान तुमी पोरीकडच्यायले देऊन टाकता का?"

"तसं नाई हो..."

"झालं मंग! मी रुसलो!" असं जाहीर करून नत्थुजी अंगणात गेले आणि उद्धवरावांच्या बरोबर समोर, दुसऱ्या टोकाला बाजेवर जाऊन बसले.

अंगणाच्या दोन टोकांना दोन माणसं. दोघंही गप्प. मधून वावटळ गेली, एक कोंबडी घाईघाईनं गोठ्यामागे पळाली. उद्धवरावांच्या अंगावर काटाच आला. आयुष्यभर पडद्यावर पाहिलेला, गोळी सुटण्याआधीचा प्रसंग साक्षात वरूडला समोर उभा, आणि सांगायची चोरी! त्यांना राहवेना. ते उठले आणि पाय फाकवून उभे राहिले.

"चालले!" सूर्यभानजी ओरडले. "व्याही उठून चालले!"

आत पुरणपोळी तव्यावर तशीच राहिली. शिवमचा चेहरा उतरला. अबोली धावत बाहेर आली.

"बाबा, तुम्हाला पसंत नाही का? नसेल तर तोंडावर सांगा. असे गप्प नका राहू." आणि तिला रडूच कोसळलं.

उद्धवरावांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बायकोकडे असं केविलवाणं पाहिलं, की कुंदाताईंनी हातच जोडले. "सोडली शपथ! बोला हो, बोला! काय ते घोडेबिडे सगळं बोला!"

मग काय, धरणाचं दारच उघडलं. घर पसंत, माणसं पसंत, शिवम तर हिऱ्यासारखा पोरगा, हे एका दमात सांगून उद्धवरावांनी शपथेची गोष्ट सांगितली आणि लगेच मोबाइल काढला. आधी जॉन वेनचे, मग गॅरी कूपरचे फोटो दाखवले, चाल करून दाखवली, क्लिंट ईस्टवूड डोळे का बारीक करतो आणि तेवढ्यानंच समोरचा कसा घाबरतो, तेही समजावलं. सूर्यभानजी हसून हसून बाजेवर आडवे झाले. "अरे बावा, म्हनून ते हं हं व्हय!"

नत्थुजी रुसलेलेच होते. पण कान इकडेच होता. न राहवून त्यांनी फोटोत डोकावलं.

"एवढाल्या गाई घेऊन कोठी चालला तो?"

"दूरच्या बाजाराला. विकायला."

"सोताच्या हाय का?"

"छे, मालकाच्या."

"म्हंजे ढोरकी हाय."

"ढोरकी नाही हो! काउबॉय!"

"मंग ढोरकी कोनाले म्हन्ते? आमच्या गावातला ढोरकी रोज गाई चाराले नेते, संध्याकाळी बरोबर घरी आनते. त्याले कधी बंदूक नाई लागली."

सगळं अंगण खदखदून हसलं. कुंदाताई सगळ्यांत मोठ्यानं. उद्धवरावांनी मोबाइल खिशात घातला आणि ते गप्प बसले. यावेळी मात्र ते खरोखरच रुसले होते.

पण कोणाच्या लक्षात येईल तर शपथ! साक्षगंधाची तारीख निघाली, पेढे वाटले गेले. उद्धवरावांनी पुरणपोळीला नाही म्हटलं, तर कौसल्याबाईंना वाटलं, पोट भरलं. "पाहा," सूर्यभानजी समाधानानं म्हणाले, "मन मोकळं झालं अन् मानूस कसा शांत झाला." मनधरणीला कोणीसुद्धा फिरकलं नाही. वाट पाहून पाहून उद्धवराव आणखीच रुसले.

शेवटी फोटोसाठी सगळे अंगणात उभे राहिले. नत्थुजी मुद्दाम सरकत सरकत उद्धवरावांच्या शेजारी आले. रुसण्यातला मुरलेला माणूस तो, त्यांच्या नजरेतून काय सुटणार?

"वकीलसाहेब," ते कानाशी म्हणाले, "सकायचा रुसवा खोटा होता. हा खरा हाय."

"हं."

"असेच उभे राहा. डोये बारीक करून तिकडं पाहा. आता हुबेहूब त्या ढोरक्यावानी दिसून राह्यले तुमी."

उद्धवरावांनी मान वळवली. इतक्या वर्षांत हे त्यांना घरच्या-दारच्या एका माणसानं म्हटलं नव्हतं.

"खरंच?" त्यांनी हळूच विचारलं. "कोणत्या? मी पहिला दाखवला तो, की दुसरा?"

"पह्यलाच. उंचपुरा होता तो."

तेवढ्यात शिवमच्या मित्रानं बटण दाबलं. त्या फोटोत सगळी मंडळी हात बांधून गंभीर उभी आहेत, आणि मुलीचे वडील तेवढे कानापर्यंत हसताहेत.