दाबक्यांची कंबर

दाबके जिन्यात काटकोनात अडकले होते. एक हात कठड्याला, दुसरा कमरेला, बादली दोन पायऱ्या खाली कलंडलेली, आणि निम्मी गंगा ओघळून माझ्या पायपुसण्यावर.

"हात लावू नका वहिनी! वात आहे, वात!"

हा वात मी बागबाजारात राहायला आल्यापासून ऐकत होते. सत्तर सालानंतरची ती वर्षं. यांची बँकेची बदली कलकत्त्याला झाली. त्या तीनमजली घरात आमच्या शेजारच्या खोलीत हे दाबके. जन्मापासून कलकत्त्यातले, सरकारी कचेरीतून निवृत्त, बिनलग्नाचे. मराठी शेजार मिळाला म्हणून मी देवापुढे साखर ठेवली. घाई केली.

दाबक्यांकडे सगळ्या दुखण्यांना एकच नाव आणि एकच औषध. थकवा? वात. पाठ? वात. साहेब रागावला? "साहेबाला वात आहे." रास्ना, अश्वगंधा, सुंठ आणि आणखी कसल्याकसल्या काड्या घालून रोज काढा उकळायचे. वास असा, की दिवे गेले तरी त्यांची खोली अचूक सापडे. कमरेला निर्गुंडीचं तेल. बसतील त्या खुर्चीलाही मालिश. आमच्या यांना एकदा थकव्यावर म्हणून वाटीभर पाजला. दुसऱ्या दिवशी हे संडासातून बाहेरच आले नाहीत. बँक बुडाली, थकवा तेवढा टळला.

"गुण आला ना?" दाबके म्हणाले.

आणि या काढ्याला म्हणे नळाचं पाणी चालत नसे. रोज पहाटे घाटावरून भरली बादली घेऊन हे साठीचे गृहस्थ जिना चढत. कमरेसाठी काढा, काढ्यासाठी पाणी, पाण्यापायी कंबर.

"पाणी आणणं सोडा, काढा लागणारच नाही," मी तोंडावर सांगितलं.

"तुम्हाला आयुर्वेद कळत नाही वहिनी."

नसेल. मी चौथी पास. पण वाटीभर काढ्याला बादलीभर पाणी लागत नाही, एवढं गणित चौथीत असतं.

तर त्या दिवशी जिन्यात मी म्हटलं, "आज करा नळाच्या पाण्याचा."

"काढा घाला चुलीत! तळाशी उरलंय ते वर न्या. माशीमांना. काल एकादशी होती."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दाबक्यांची खोली माझ्या शेजारी, आणि हे अडकले होते वर जाणाऱ्या जिन्यात.

माशीमा म्हणजे वरच्या मजल्यावरच्या विधवा बंगाली बाई, दाबक्यांच्याच वयाच्या. मुलगा परगावी नोकरीला गेला तो तिकडचाच झाला. आपली एकादशी दुप्पट खाशी. त्यांची तशी नव्हे. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि दुसऱ्या दिवशी उपास सोडायचा तो गंगेच्याच पाण्याने.

"मग काढ्याचं सोंग कशाला?"

"बिनलग्नाचा माणूस रोज विधवेच्या दारात. लोक काय म्हणतील?" काटकोनातूनच ते म्हणाले. "काढ्याला कुणी नावं ठेवत नाही."

"मी ठेवते."

एवढ्यात माशीमा स्वतःच खाली आल्या, हातात तांब्या. सोवळं इतकं कडक, की माझा पदर लागला तरी पुन्हा अंघोळ. ओठ सुकून फुटले होते.

"दाबकेबाबू, की होलो?"

"वात."

त्यांनी तळचं पाणी तांब्यात घेतलं, दाबक्यांची हनुवटी धरली आणि आधी त्यांना पाजलं. उरलेलं त्याच तांब्याने स्वतः प्यायल्या. अंघोळीला गेल्या नाहीत. कंबर सुटेपर्यंत पायरीवर बसून राहिल्या.

मी पायपुसणं पिळलं आणि दार लावून घेतलं. पुढे बोळात कुणी विचारलं की मीच सांगायची, त्या काढ्याला गंगेचंच पाणी लागतं.

माशीमा आधी गेल्या. दाबक्यांनी पाणी आणणं सोडलं, काढा सोडला. कंबर अगदी ताठ झाली. ताठ कमरेने ते दिवसभर त्या पायरीवर बसून असत. मग तेही गेले.

त्या दिवशी जिन्यात आम्ही तिघं होतो. मी आहे.