गाळणीतली देवगिरी

दौलताबादला गेलेली माणसं येताना सीताफळं आणतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे काळेकाका माती आणतात.

ती माती ते काकूंच्या चहाच्या गाळणीतून गाळतात, उन्हात वाळवतात आणि बोटाच्या पेराएवढ्या शिशाच्या सैनिकांच्या पायांखाली चिकटवतात. प्रत्येक सैनिकाला एक चकती, चकतीवर त्याची जमीन. एकदा मी कुंडीतली माती सुचवली.

"यादवांची फौज तुळशीच्या कुंडीत उभी करू व्हय? इतिहासात बसत नाय!"

"इतिहासात बसत नाय" हे काकांचं कशालाही उत्तर. काका मूळचे पिशोरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर यादव आणि सुलतान समोरासमोर उभे असतात, म्हणून काका-काकू जमिनीवर जेवतात. काकू एवढंच म्हणतात, "आज चहात देवगिरी जरा जास्तच उतरली."

रंगांचंही तेच. मला वाटलं होतं, एक फौज भगवी, एक हिरवी. काका दुखावलेच. "त्या काळी गणवेश होता का गं? सगळे मळकट!" त्यामुळे दोन्ही फौजा मळकट पांढऱ्या. फरक फक्त ढालीवरच्या ठिपक्यांत, आणि ते ठिपके काका तीन केसांच्या ब्रशनं, श्वास रोखून देतात. तेवढा वेळ काकूंना कुकर लावायची बंदी.

माझी भरती झाली ती या लढाईच्या खेळाच्या नियमांच्या पुस्तकामुळे. ते इंग्रजीत आहे. मी इंग्रजी शाळेतली, शिवाय फारशी न बोलणारी. पंचाला दोन्ही गुण लागतात, असं काकांचं मत. रविवारी जिन्यातून हाक यायची, "सई, ये गं, तुझं इंग्लिश घेऊन!"

समोरून खेळायला सय्यदचाचा. सिटी चौकातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान आता त्यांचा मुलगा बघतो. देवगिरी दोघांनाही हवी असायची.

"मैं पैदा हुआ दौलताबाद में, तुम आए पिशोर से. किला किसका हुआ, बोलो?"

मग नाणं उडायचं. हरेल त्यानं सुलतान व्हायचं आणि तोंड पाडून बसायचं.

एका रविवारी चाचांनी काकांचाच घोडेस्वार उचलला आणि काकांच्याच हत्तीवर सोडला. काकांना वाटलं, चेष्टा. पुढच्या डावात पुन्हा तेच झालं.

"मियाँ, ही बेइमानी हाय! आमचा घोडा ठेवा खाली!"

चाचांनी घोडा ठेवला, काठी घेतली आणि जिना उतरून गेले. पुढचे रविवार ते आलेच नाहीत. काकांनी दोन्ही बाजूंनी एकट्यानं खेळून पाहिलं. स्वतःवरच चिडले, आणि हाक बंद झाली.

मला मात्र एक गोष्ट माहीत होती. चाचा गल्लीत मला आवाजावरून ओळखायचे. मी बोलत नसल्यामुळे बहुतेक वेळा ओळखायचेच नाहीत. एकदा तर त्यांनी माझ्या स्कूटीला "खुश रहो बेटा" म्हटलं होतं.

शेवटी एका दुपारी मी न बोलावता वर गेले. सगळी वाक्यं जिन्यात पाठ केली होती. दारात एकच आठवलं.

"काका, चाचांना दिसत नाही."

काका ब्रश पुसत राहिले.

"माझेच रंग एकसारखे," ते म्हणाले. "अन् मी त्यांला बेइमान म्हणालो."

दुसऱ्या दिवशी वरून खरवडल्याचा आवाज यायला लागला. जाऊन पाहिलं, तर काका सुलतानाच्या सैनिकांखालची दौलताबादची माती चाकूनं काढत होते आणि तिथं बारीक खडी चिकटवत होते. खडी शेजारच्या बांधकामावरची.

"काका, हे इतिहासात..."

"फौज दुरून आली. वाटंत खडी लागली असंल."

मग सदरा बदलून ते स्वतः चाचांना आणायला गेले. काय बोलले माहीत नाही. दोघं भांडतच जिना चढले, म्हणजे ठीक होतं.

चाचांनी टेबलावर बोटं फिरवली. एक चकती गुळगुळीत, दुसरी खरखरीत. पुन्हा फिरवली. घड्याळं उघडणारी ती बोटं खडीवर थोडी रेंगाळली.

"काले, ये कंकर कब आए?"

"नवीन संशोधन हाय. तुम्ही नाणं काढा."

देवगिरी चाचांना मिळाली. डाव रंगला. मध्येच चाचांनी सुलतानाचा घोडेस्वार उचलला, अंगठ्यानं खालची खडी नीट चाचपली, गालात हसले आणि तो आपल्या फौजेत नेऊन ठेवला.

मी काकांकडे पाहिलं. काका छताकडे पाहत होते.

"सई," ते म्हणाले, "घोडा असा फितूर होतो का गं? बघ बरं पुस्तकात."

मी पुस्तक उघडलं. त्यात तसं काहीही नव्हतं.

"होतो," मी म्हटलं, चाचांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.