बंकटरावांचं कपाट जिन्यात बसलं

पॅकर्सवाल्यांना नकार दिला तेव्हा बंकटराव नुकतेच अंघोळ करून बनियनवर उभे होते. (घरातले मोठे निर्णय ते बनियनवरच घेत.) त्यांची बायको वनमाला गेवराईच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिची अंबाजोगाईला बदली झाली होती आणि सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत तिथं हजर व्हायचं होतं. म्हणून तिनं बीडच्या एका पॅकर्सवाल्याचा नंबर काढून आणला होता.

"परक्या माणसांनी आपली भांडी बांधायची? आमी काय मेलोत का?" बंकटराव म्हणाले.

"त्यांचं रोजचं काम हाय ते. मी दवाखान्यात तुमाला पेशंटला इंजेक्शन देऊ देते का?"

बंकटराव विमा एजंट. कधी काय होईल याचा नेम नाही, हे त्यांनी दहा वर्षं अख्ख्या तालुक्याला पटवलं होतं. स्वतःचं मात्र सगळं नेमकंच होणार, याची त्यांना पक्की खात्री होती.

खोकी आणायच्या ऐवजी त्यांनी वनमालाच्या जुन्या साड्या फाडल्या आणि घराची सतरा गाठोडी केली.

"कशात काय हाय, ते लिहून तरी ठेवा," ती म्हणाली.

"इथं लिहिलंय सगळं," असं म्हणत त्यांनी कपाळावर बोट आपटलं.

सोमवारी सकाळी सातला धुळाजी पिकअप घेऊन आला. धुळाजीचा मेंढ्यांचा धंदा, आणि बंकटरावांचा तो जुना पॉलिसीवाला. गाडी त्यानं दोनदा धुतली होती, पण मेंढ्यांचा वास काही गाडी सोडायला तयार नव्हता. आठपर्यंत गाठोडी चढली. आता पहिल्या मजल्यावरच्या घरात राहिलं फक्त लग्नातलं लोखंडी कपाट.

धुळाजीनं जिन्याचं वळण पाहिलं, कपाट पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी मागं सारली. "बंकटराव, हे न्हाई निघायचं हितनं. जाणकार माणूस बोलवा."

"आत आलंय, तर बाहेर जाईलच की! साधं लॉजिक हाय."

वरून बंकटराव, खालून धुळाजी आणि त्याचा भाऊ अजिनाथ. कपाट वळणापर्यंत शहाण्यासारखं आलं. तिथं ते जरा कललं, कर्रर्र करून ओरडलं आणि दोन्ही भिंतींच्या मधोमध ठाण मांडून बसलं. खालून ढकललं, हललं नाही. वरून ओढलं, तरी हललं नाही. जिना बंद झाला. बंकटराव वर, बायको खाली.

एवढ्यात वरच्या मजल्यावरून घरमालक सुंदरराव उतरले. तेलगावला नातवाचा साखरपुडा, म्हणून डोक्याला फेटा आणि अंगभर अत्तर.

"अरे, हे कपाट जिन्यानं आलंच कुठं होतं?" ते म्हणाले. "गॅलरीतून दोरानं वर घेतलं होतं. ग्रिल मी नंतर बसवली."

"मग आधी कावून न्हाई सांगितलं?"

"मला वाटलं, कपाट माझ्यासाठी ठेवून चाललात."

खालून वनमालाचा आवाज आला. "आवो, माझी बदलीची फाईल कुठं हाय?"

"एकदम सेफ हाय."

"कुठं पण?"

"कपाटात. आतल्या लॉकरमधी."

"आन् चावी?"

"गाठोड्यात."

"कुठल्या?"

बंकटरावांनी कपाळावर बोट ठेवलं. तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं.

वनमाला चिडली नाही. (तिनं आरडाओरडा केला असता, तर त्यांना जरा बरं वाटलं असतं.) तिनं बीडच्या त्या पॅकर्सवाल्याला फोन लावला. "दादा, जिन्यात कपाट अडकलंय. वर आमचे घरमालक हायती, त्यांना साखरपुड्याला जायचंय, तर लवकर या. अजून एक जण हाय वर, पण त्यांची काही घाई न्हाई."

माणसं येईपर्यंत चावी शोधायला हवी होती. भर रस्त्यात गाठोडी सुटू लागली. बंकटराव गॅलरीच्या ग्रिलला तोंड लावून ओरडत होते, "हिरव्या साडीत बघ!"

"सहा साड्या हिरव्या हायत!"

चौथ्या गाठोड्यातून पोट आत ठेवायचा रुंद पट्टा निघाला. समोरच्या सारजाबाईंनी तो दोन्ही हातांनी उचलून धरला. "घोड्याचा हाय का गं हा?" सगळी गल्ली वर बघायला लागली. बंकटराव ग्रिलच्या मागं खाली बसले. चावी पंधराव्या गाठोड्यात, कुकरच्या आत सापडली.

दहाच्या सुमाराला बजरंग नावाचा सुपरवायझर तीन माणसं घेऊन आला. कुणी ओरडलं नाही, कुणी जोर केला नाही. त्यांनी टेप लावून माप घेतलं, कपाटाचे चारही पाय पान्यानं काढले, भिंतीला जाड चादरी लावल्या, पट्टे घातले आणि ज्या कपाटापुढं तीन माणसं दमली होती, ते सावकाश वर सरकवून घरात नेलं. सुंदरराव फेटा हातात धरून जिना उतरले ते थेट तेलगावच्या दिशेनं. कपाट उघडून वनमालानं फाईल काढली, छातीशी धरली आणि पिकअपमध्ये धुळाजीच्या शेजारी जाऊन बसली. निघताना तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. ते मात्र बंकटरावांना लागलं.

मग त्या माणसांनी ग्रिलचे बोल्ट काढले, कपाट चादरीत आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि पट्ट्यांनी अलगद खाली सोडलं. एवढ्या मायेनं बंकटरावांना आजवर कुणी हाताळलं नव्हतं.

वनमाला साडेतीनला हजर झाली. संध्याकाळी कपाट आणि बंकटरावांना घेऊन पॅकर्सवाल्यांचा ट्रक अंबाजोगाईच्या नव्या घरासमोर थांबला. बायको काय बोलेल या धास्तीत बंकटराव घाईनं उतरले आणि ट्रकच्या उघड्या दारावर त्यांचं कपाळ आदळलं. बघता बघता टेंगूळ आलं.

बजरंग कागद घेऊन पुढं झाला. "ताई, सामान नीट बघून सही करा. काही मोडतोड झाली असेल तर कंपनी भरून देते."

वनमालानं कपाटाभोवती फेरी मारली. एक ओरखडा नव्हता. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. बजरंग गडबडला. "ताई, ते आमच्याकडून न्हाई झालेलं!"

"तुमी न्हाई काही केलं," सही करत ती म्हणाली. "आमच्याकडं आलं, तवाच असं होतं."