शनिवारी सहाला, ट्रक घेऊन

भिंतीवरच्या टेलिफोनची घंटा वाजली तेव्हा लॉर्ना टेगमायरचे दोन्ही हात कणकेत होते. दोन लांब आणि एक आखूड, म्हणजे टेगमायरांचा फोन. प्लम हॉलोच्या त्या रस्त्यावर एकाच तारेवर आठ घरं होती, आठ घरांच्या आठ तऱ्हेच्या घंटा होत्या, आणि कोणाचीही वाजली तरी सगळ्यांनी रिसीव्हर उचलायची पद्धत होती. दुसऱ्याचं बोलणं ऐकण्यात गैर असं कोणी मानत नसे. गैर होतं ते ऐकता ऐकता शिंकणं.

लॉर्ना सोळा वर्षांची होती आणि चिडलेली होती. शनिवारी गावच्या हॉलमध्ये मक्याच्या कापणीचा नाच होता. गेल्या साली ती बाबांबरोबर गेली होती. बाबा एक गाणं नाचले आणि मग तिचा हात तसाच हातात धरून कोणाशी तरी खताबद्दल बोलत राहिले. यंदा तिने आईला बजावून सांगितलं होतं, "कोणी विचारलं तरच जाईन. नाहीतर घरी बसून मोजे रफू करीन." अजून कोणी विचारलं नव्हतं. रफूचे मोजे मात्र आईने काढून ठेवले होते.

"हॅलो?" लॉर्नाने कणकेच्या हाताने रिसीव्हर धरला.

पलीकडून कोणीतरी घसा साफ केला आणि लगेच तारेवर टक, टक, टक असे आवाज झाले. एकेक घर हजर होत होतं. त्या टेलिफोनची गंमत अशी, की ऐकणारे कान जितके वाढत, तितका बोलणाऱ्याचा आवाज बारीक होत जाई; नदीपलीकडे तर निम्मं बोलणं पोचतच नसे.

"मी... वेंडेल. कुबिचेक."

लॉर्नाने रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट दाबला. वेंडेल नदीपलीकडचा. वर्गात तो दोन वर्षं तिच्या मागच्या बाकावर बसत होता आणि त्या दोन वर्षांत "तुझी पेन्सिल पडली" एवढं एकच वाक्य तिच्याशी बोलला होता. पुढे तो जे काही बोलला ते मात्र मुंगी कुजबुजल्यासारखं ऐकू आलं.

"ओपल काकू, तुम्ही ऐकताय ना?" लॉर्ना वैतागून म्हणाली. "रिसीव्हर ठेवा. मला काही ऐकू येत नाहीये."

"अगं, मी ठेवला तर तुला सांगणार कोण?" ओपल ग्रिम्स म्हणाल्या. त्यांचं घर तारेच्या तोंडाशीच असल्याने त्यांना जरा बरं ऐकू येई. "बोल रे बाळा, लाजू नकोस. हां... 'शनिवारी' म्हणतोय."

"शनिवारी काय?"

"मध्येच काहीतरी बोलला, ते नाही कळलं. पण 'न्यायला येऊ का' म्हणतोय!"

तारेवर चार-पाच बायकांनी एकदम श्वास आत घेतला.

"कोणाला न्यायला?" लॉर्नाने विचारलं.

"कोणाला म्हणजे? तुला नाही तर काय तुझ्या बापाला?"

"कुबिचेक म्हणजे तो उंच पोरगा का?" म्हातारे हॅस्केल मध्येच म्हणाले. "त्याच्या आजोबाने माझी शिडी नेलीय."

"हॅस्केल आजोबा, शिडीचं नंतर! हां, बोल वेंडेल. 'सहाला ट्रक घेऊन येतो. तयार ठेवा.'"

"तयार ठेवा?"

"तयार राहा, असं म्हणायचंय त्याला. घाबरलाय पोर. पुढे म्हणतोय... 'एका रात्रीचाच प्रश्न आहे, रविवारी सकाळी आणून सोडतो.'"

मग पाद्र्यांच्या बायको विल्मा श्राडर यांचा थंड आवाज आला, "रविवारी सकाळी?"

"छे छे, रविवारी सकाळी चर्चमध्ये भेटू म्हणाला असेल," ओपल काकू घाईघाईने म्हणाल्या. "हे बघ वेंडेल, रात्री दहाच्या आत परत आणून सोडायचं. कळलं? ...'बरं' म्हणतोय. जरा गोंधळल्यासारखा वाटतोय. लॉर्ना, तू हो की नाही ते सांग बाई, माझे बटाटे करपतायत."

असा क्षण कसा येईल, याची लॉर्नाने पुष्कळदा कल्पना केली होती. त्या कल्पनेत बटाटे नव्हते.

"हो," ती म्हणाली.

"हो म्हणतेय!" ओपल काकू इतक्या जोरात ओरडल्या की नदीपलीकडे पोचायला तारेची गरज नव्हती.

त्यानंतर लॉर्नाचा नाच लॉर्नाच्या हातात राहिला नाही. तिचे बाबा धान्याच्या कोठाराहून परतले ते ही बातमी तिथूनच घेऊन. विल्माबाईंनी आपल्या थोरल्या मुलीचा निळा झगा आणून दिला आणि खांद्यावर हात कुठपर्यंत ठेवू द्यायचा यावर तासभर बोलल्या. झगा कमरेत सैल होता म्हणून एकीने टाचण्या लावल्या, दुसरीने त्या काढून दुसरीकडे लावल्या. हॅस्केल आजोबा शिडीची आठवण करून द्यायला स्वतः येऊन गेले. शनिवारी दुपारी ओपल काकूंनी तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून गरम चिमट्याने केस कुरळे करायला घेतले.

"काकू, कान भाजला!"

"कान कोण बघतंय? मान सरळ ठेव."

"आई, यांना सांग ना! नाचायला मी जाणार आहे की या सगळ्या?"

"कपाळाला आठ्या घालू नकोस," आई म्हणाली. "पावडर पडतेय."

वेंडेलशी एकदा बोलून घ्यावं असं लॉर्नाला आठवडाभर वाटत होतं. पण कापणीसाठी मोठ्या मुलांना शाळेतून सुट्टी दिलेली आणि वेंडेल दिवस उजाडल्यापासून मक्यात. फोनवर बोलायचं म्हणजे तर आठ घरांशी बोलायचं.

शनिवारी संध्याकाळी टेगमायरांच्या कुंपणाबाहेर चार गाड्या उभ्या होत्या. कोणाला अंडी हवी होती, कोणाची गाडी नेमकी तिथेच तापली होती. ओपल काकू कोणताही बहाणा न करता व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. बरोबर सहाला जनावरं न्यायचा, फळ्यांच्या कठड्यांचा ट्रक अंगणात शिरला. वेंडेल खाली उतरला. अंगात मळकी डंगरी, पायांत गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात दोर.

त्याने एवढी माणसं पाहिली आणि टोपी काढली. निळ्या झग्यातली लॉर्ना पाहिली आणि टोपी परत घातली.

"नमस्कार, टेगमायर काका," तो म्हणाला. "बॅरन तयार आहे ना?"

बॅरन म्हणजे टेगमायरांचा डुक्कर. जिल्ह्याच्या जत्रेत दोन वर्षं पहिला आलेला, सोफ्याएवढा. डुकरिणी फळवायला आसपासचे लोक त्याला मागून नेत. फोनवर ओपल काकूंना न कळलेला शब्द कोणता होता, ते लॉर्नाच्या लक्षात आलं आणि तिच्या भाजलेल्या कानापासून टाचांपर्यंत आग झाली. ती पायऱ्या उतरली, वेंडेलची बाही धरली आणि त्याला ट्रकच्या मागे ओढत नेलं.

"डुक्कर? तू डुकरासाठी फोन केला होतास?"

"तू हो म्हणालीस..."

"मला वाटलं नाचाला विचारतोयस! आठवडाभर माझी काय दशा झालीय माहितीये? हे केस बघ!"

वेंडेलने केस बघितले. "मला वाटलं, आज तुमच्याकडे कोणाचं लग्न आहे."

लॉर्नाने डोळे मिटले. रडायचं तर पावडर जाईल आणि ओपल काकू पुन्हा लावायला येतील. "नीट ऐक," ती दातांवर दात ठेवून म्हणाली. "अख्खा रस्ता बघतोय. मी आता घरात परत गेले तर म्हातारी होईपर्यंत हे ऐकावं लागेल. डुक्कर ने, पण पुढे मी बसणार. त्याला तुझ्या घरी उतरवायचं, कपडे बदलायचे आणि मला हॉलवर न्यायचं. एक गाणं नाचायचं. मग पुन्हा जन्मात मला तोंड दाखवू नकोस."

"बरं," वेंडेल म्हणाला.

पण बॅरनला हे मान्य नव्हतं. ट्रकला चढण्यासाठी लावलेल्या फळीवर दोन पाय ठेवून तो थांबला. वेंडेलने ढकललं, बाबांनी ढकललं, अंडी घ्यायला आलेल्यांनीही हात लावला. बॅरन फक्त लॉर्नाचं ऐकत असे, कारण रोज त्याला खायला घालणारी ती होती. शेवटी निळा झगा एका मुठीत आणि मक्याची बादली दुसऱ्या हातात धरून ती फळीवरून उलटी चढली. "ये, ये रे सोन्या," असं ती गोड आवाजात म्हणत होती. चेहऱ्यावरचे भाव निराळे होते. बॅरन खुशीत वर आला आणि येता येता त्याने तिच्या झग्याला नाक पुसलं.

"अगं, पण डुक्कर कशाला बरोबर?" ओपल काकूंनी व्हरांड्यातून विचारलं.

"नाचायला!" लॉर्ना ओरडली आणि दार आपटून पुढे बसली.

नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत लॉर्ना खिडकीबाहेर बघत होती आणि वेंडेल रस्त्याकडे. बॅरन मात्र सारखा काहीतरी सांगत होता. कुबिचेकांच्या अंगणात ट्रक थांबला तेव्हा वेंडेलचे वडील गोठ्यातून हात पुसत आले. त्यांनी लॉर्नाला मान लववली, मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "हा टेगमायरांचा बॅरन ना? कशाला आणलास?"

"डुकरिणींसाठी," वेंडेल जमिनीकडे बघत म्हणाला.

"कुठल्या डुकरिणींसाठी? आपल्या सगळ्या व्याल्यात की गेल्याच आठवड्यात. तूच नाही का जागलास त्यांच्यापाशी?"

शेजारच्या खोपटातून पुष्कळशा पिल्लांचं चिरकणं ऐकू येत होतं. लॉर्ना हळूच ट्रकमधून उतरली. वेंडेलचे कान शेंदरी झाले होते.

"वेंडेल," ती म्हणाली, "मग फोन कशाला केला होतास?"

"नाचाचं विचारायलाच." तो गमबुटाने चिखल उकरू लागला. "सगळं पाठ करून ठेवलं होतं. पण मी घसा साफ केला आणि सगळ्यांनी रिसीव्हर उचलले. मला काही सुचेना. मग तुमच्या घरातलं जे नाव पहिलं तोंडात आलं..."

"ते डुकराचं आलं?"

"हो."

"आणि मी हो म्हटल्यावर?"

"मग न्यायला यायलाच हवं होतं ना."

थोरल्या कुबिचेकांनी मुलाकडे बघितलं, लॉर्नाच्या झग्याकडे बघितलं आणि बॅरनचा दोर सोडायला घेतला. "याचं मी बघतो," ते म्हणाले आणि डुकराला घेऊन लगबगीने गोठ्याआड गेले.

लॉर्ना कमरेवर हात ठेवून उभी होती. केसांच्या कुरळ्या बटा निम्म्या सुटल्या होत्या, एक टाचणी बरगडीत टोचत होती. तिने बराच वेळ वाट पाहिली. वेंडेल एकदा टोपी काढत होता, एकदा घालत होता.

"आता इथे कोणी ऐकत नाहीये," ती शेवटी म्हणाली. "की आताही मीच विचारू?"

वेंडेलने टोपी काढली आणि छातीशी धरली. "लॉर्ना, माझ्याबरोबर नाचायला येशील?" तो इतक्या जोरात म्हणाला की खोपटातली पिल्लं क्षणभर गप्प झाली.

"आधी ते बूट बदलून ये," लॉर्ना म्हणाली.