तिरप्यातलं तेल

"तिरप्या भांड्यात तेल मापू नै गं. घरची बरकत जाती," असं नीलम्मांनी सुनेला लग्न झाल्या झाल्या बजावलं होतं. सासर गोडेतेलाच्या दुकानाचं. तिथं असले नियम पुष्कळ. रुद्राणी नांदेडच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन आलेली. "हाव आत्या," म्हणून तिनं मान हलवली आणि हा नियम मांजर आडवं जाण्याच्या शेजारी ठेवून दिला.

लग्नाला तीनेक वर्षं झाली, तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कलेक्टर आले होते, पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. जिल्ह्याच्या गावात स्कूटर शोभत नाही म्हणून रुद्राणीच्या नवऱ्यानं, सिद्धेश्वरनं, एक म्हातारी फियाट घेतली. गल्लीतली सपाट जागा टँकरची वाट बघणाऱ्या घागरींनी आणि ड्रमांनी अडवलेली. त्यामुळं गाडी दारापुढच्या फरशीच्या चढावर, नाक वर करून उभी राहायची.

सासरे गुरुपादप्पा रोज सकाळी बॉनेट उघडून इंजनातलं तेल मापायची काडी उपसत. जन्म तेलात गेलेला माणूस. इंजनचं तेलही बोटावर घेऊन हुंगायचे.

"सिद्धू, तेल पुन्हा खाली गेलं की रे! लई पिऊन राहिली ही."

"कालच ओतलं ना अप्पा?"

"मग काय, मी पिलो?"

ओतलं. दुसऱ्या दिवशी काडी पुन्हा कोरडी. रुद्राणीच्या मनात आलं, तेल गळत असलं आणि एखादी ठिणगी पडली तर? तिनं लेकाचं, बसूचं, जुनं पांढरं दुपटं गाडीखाली अंथरलं. सकाळी त्यावर एक थेंब नव्हता. मांजर तेवढं झोपलं होतं.

थेंब नाही, म्हणजे तेल आतल्या आत जळतंय! ही भीती पहिलीपेक्षा मोठी निघाली. आणि खरंच, आठवडाभर ओतून झाल्यावर गाडी मागून निळा धूर सोडू लागली. बसू खोकला की रुद्राणीला त्या धुराचा वास यायचा, गाडी गावात नसली तरी.

मेकॅनिक खाजाभाईंनी धूर बघितला आणि मान हलवली. "भाभी, पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजन खोलावं लागतंय."

"आणि तोवर?"

"तोवर तेल कमी पडू देऊ नका. इंजन जाम होऊन जाईल."

झालं. गुरुपादप्पांनी तेलाचा डबा गाडीत कायमचा पायाशी घेतला.

तेवढ्यात नांदेडहून रुद्राणीच्या आईला आणायचं ठरलं. सिद्धेश्वर आणि अप्पा निघाले, तर बसू आजोबांच्या मांडीवरून उतरेना. टँकरचा वार, म्हणून रुद्राणीला घर सोडता येईना.

"अहो, बसूला राहू द्या ना. वाटेत पेट घेतला तर?"

"अगं, गाडी हाय का फटाका?" सिद्धेश्वर हसला.

"अप्पा हायत की संगं," नीलम्मा म्हणाल्या. "चढाला धूर वाढला की ते गाडी थांबवत्यात, काडी बघत्यात, तेल ओतत्यात. मग जात्यात फुडं."

रुद्राणीनं भर उन्हाळ्यात बसूला लाल कानटोपी घातली, धूर कानात जाऊ नये म्हणून. गाडी निळा ढग सोडून गेली.

मोकळ्या झालेल्या फरशीवर तिनं शेजारच्या सुमनबाईंशी भागीत घेतलेला ड्रम ठेवला. टँकरवाल्यानं पाइप टाकला, काढला, निघून गेला. रुद्राणीनं दाराकडून ड्रममध्ये काठी बुडवली.

"वीतभरच? फसवलं मेल्यानं!"

सुमनबाईंनी तीच काठी घेऊन गल्लीकडून बुडवली. "डोळे तपासून घे बाई. दोन विती हाय की!"

"मी आत्ता मापलं!"

"मग मी काय आंधळी हाय? का तुझ्या वाटणीचं कुणी पिलं?"

आवाज ऐकून नीलम्मा बाहेर आल्या. "अय्यो! तिरप्यात ठेवून मापून राहिल्या की तुम्ही! कवाच सांगितलं, बरकत जाती!"

रुद्राणीच्या हातातली काठी ड्रममध्ये पडली.

ह्याच फरशीवर गाडी नाक वर करून उभी असायची. काडी पुढच्या बाजूला, तेल सरकून मागं. तेल कमी नव्हतंच कधी! रोज ओतून ओतून इंजन गळ्यापर्यंत भरलं होतं, म्हणून धूर. आणि आता? चढ आला की धूर, धूर आला की अप्पा थांबणार, चढावरच काडी बघणार, कोरडी दिसली की ओतणार. आणखी धूर. नांदेडपर्यंत चढ काय थोडे आहेत!

ती धावत पोस्टात गेली. ट्रंक कॉल लागला, तर पलीकडून आईच उलट विचारते, "अगं, निघाले का ते?"

तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या रस्त्यानं निघालं असेल, तर एवढं करा. अहमदपूर-लोह्याच्या बाजूला एखाद्या चढावर निळा धूर दिसला, तर थांबा. गाडी आधी सपाटीला ढकला, मग काडी बघायला सांगा. जास्तीचं तेल खालून सोडून द्या म्हणावं. अप्पा ऐकणार नाहीत. त्यांच्या हातातला डबा सरळ काढून घ्या. आणि मागच्या सीटवर, एवढ्या उन्हाचं लाल कानटोपी घातलेलं एक पोर असेल. ते खोकतंय का, तेवढं बघा.