मोटारीचं दावं

बापूमामा जुनी मोटार घ्यायला नगरला आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत भाकरी, गुलालाची पुडी आणि एक नवंकोरं दावं होतं.

"मामा, हे कशाला?"

"जनावर आणायचं तर दावं आपलं न्यावं लागतं. इकनारा त्याचं ठेवून घेतो. भाचेबुवा, पुस्तकात न्हाई हे."

हे शेवटचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. मी कॉलेजात ग्रंथपाल झालो, तेव्हा अभिनंदन म्हणूनही त्यांनी तेच ऐकवलं होतं.

ही एकाहत्तर सालची गोष्ट. नवी मोटार नोंदवली तर वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, म्हणून जुनी. आणि मला गाडी चालवता येते, एवढ्या एका गुन्ह्याबद्दल त्या उन्हाळ्यातले माझे सगळे रविवार मामांनी जप्त केले.

ते मोटार बघत नसत, बैल बघत. बॉनेटवर थाप मारत. मालकाला विचारत, "मारकी न्हाई ना?" मग मागचं दार उघडून आत बसत. उतरत. पुन्हा बसत. दर वेळी एक पाय काठीसारखा ताठ धरून. मालक माझ्याकडे बघे, मी कुंपणाकडे. शेवटी मामा मान हलवत, "न्हाई जमत."

एका डॉक्टरांची गाडी जवळजवळ नव्यासारखी होती. मी इंजिनाचं कौतुक केलं.

"इंजिनाला काय चाटायचंय?" मामा म्हणाले. "दार बगा की हिचं. आखूड हाय."

अखेर एका वकिलांकडे रंग उडालेली, दारं मोठी असलेली एक गाडी निघाली. वकील सज्जन. त्यांनी आधीच सांगितलं, "मीटर एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यावरून निघालाय. इंजिन दमलंय."

मामा एव्हाना दोनदा बसून उतरले होते. तिसऱ्यांदा बसले आणि आतूनच म्हणाले, "हीच."

"मामा, फार चाललेली गाडी आहे ही!"

"मंग वाट ठावी आसंल तिला."

त्यांनी बॉनेटला गुलाल फासला, पुढच्या बंपरला दावं बांधलं. वकिलांनी हसू दाबलं. मला रडू दाबावं लागलं.

मामांच्या नेवाशाजवळच्या मळ्यात पोचलो, तर मामी लुगडं बदलून ओट्यावर तयार. तिचा गुडघा तीन वर्षांपासून वाकत नव्हता. एस.टी.ची पायरी उंच. एकदा कंडक्टरनं वरून ओढलं, कुणी खालून रेटलं, आणि सगळी गाडी बघत राहिली. त्या दिवसापासून तिनं एस.टी. सोडली, म्हणजे कोल्हारचं माहेरही सोडलं. आता तिची आई तिथे अंथरुणाला खिळली होती, रोज लेकीचं नाव घेत होती.

मामांनी मागचं दार उघडलं. मामी ताठ पाय सावरत बसली. कुणाचा हात न घेता.

मी स्टिअरिंग धरलं.

बेलापूर मागे पडलं आणि इंजिन खोकून गप्प झालं. मी बॉनेटमध्ये डोकं घालून माझ्या सगळ्या शिक्षणाला शिव्या दिल्या. मामांनी तोवर शेजारच्या मळ्यातून गाडीवानासकट एक बैलगाडी आणली, दावं दुहेरी करून मोटार तिच्यामागे बांधली. बैल निघाले.

"मामा, आत बसा!"

"वजन कशाला?"

पण ते बैलांजवळ गेले नाहीत. मामीच्या खिडकीला हात लावून चालत राहिले. घरात दिवसाकाठी चार शब्द न बोलणारा हा माणूस तिला ऊस दाखवत होता, विहिरी दाखवत होता.

"आवं, लोक हसत्यात," मामी म्हणाली.

"हसू दे. तुला उतरावं लागलं का?"

"न्हाई."

"मंग झालं तर."

तिन्हीसांजेला आम्ही कोल्हारात शिरलो. मामीची आई जागी होती.

इतक्या वर्षांनी, यंदा मामा गेले. मामीनंच गाडी विकायला सांगितली. घेणारा आला, किल्ली घेतली. मी वाकून बंपरचं दावं सोडू लागलो.

"राहू द्या की ते," तो म्हणाला. "तुम्हाला कशाला?"

गाठ जुनी होती, सुटायला वेळ लागला.

"पुस्तकात नाही हे," मी म्हणालो.